गादी कुणाच्या नावावर?

(चंद्रपूर येथील युवा मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा, वडसा, गडचिरोली, अहेरी अशा ठिकाणांहून तुम्ही आला आहात. आयोजकांनी मला विषय दिला तो देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या वाटचालीचा. तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल, जळगावच्या एका काँग्रेसच्या बाईंचं चरित्र चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुस्लिम पोरापोरींनी कशाला ऐकायचं? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की मला नुसतं चरित्र सांगायचंच नाही. त्या चरित्राच्या आधाराने मला एक प्रश्न विचारायचा आहे आणि तो तुमच्या घराशी, तुमच्या मोहल्ल्याशी जोडलेला आहे.

बाईला राज्य करता येतं का, हा तो प्रश्न नाही. त्याचं उत्तर या शहराला तीनशे वर्षांपासून माहीत आहे. माझा प्रश्न आहे: गादीवर बाई बसली, तेव्हा ती गादी कुणाच्या नावावर होती?

हिराई आणि चांदबीबी

आपण चंद्रपूरपासूनच सुरुवात करू. जटपुरा, अचलेश्वर, बिनबा आणि आपली पठाणपुरा, अशा चार मोठ्या वेशींच्या आत हे जुनं शहर आहे. गोंड राजांची ही राजधानी. अचलेश्वर मंदिराच्या शेजारी गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यातली सर्वांत देखणी समाधी बीरशहाची, आणि ती बांधून घेतली त्याची राणी हिराई हिने. आपल्याकडे सगळ्यांना ताजमहाल माहीत असतो, नवऱ्याने बायकोसाठी बांधलेला. बायकोने नवऱ्यासाठी उभारलेली वास्तू आपल्या गावात आहे, आणि आपल्यातले कितीतरी जण तिच्यासमोरून रोज गाडी मारत जातात.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बीरशहाचा खून झाला. गादीला वारस नव्हता. हिराईने चंदनखेड्याच्या घराण्यातला मुलगा, रामशहा, दत्तक घेतला आणि तो जाणता होईपर्यंत चांद्याचा कारभार स्वतः पाहिला. खुनाने हादरलेलं राज्य तिने मोडू दिलं नाही. पण लक्षात घ्या, राजा म्हणून नाव रामशहाचं. हिराई कारभारीण.

तिच्या शंभर वर्षं आधी आपल्याच महाराष्ट्रात अहमदनगरच्या किल्ल्यात हेच घडलं होतं. निजामशाहीची लेक आणि विजापूरच्या आदिलशाहीची सून चांदबीबी. १५९५ च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद याने नगरला वेढा घातला. सुरुंगाने तट फुटला, तरी चांदबीबीने किल्ला पडू दिला नाही. शेवटी वऱ्हाड देऊन तह झाला, नगर वाचलं. हीसुद्धा लढली ती बहादूरशहा नावाच्या लहान वारसासाठी. १६०० मध्ये तिच्याच माणसांनी तिला मारलं.

एक गोंड, एक मुसलमान. दोघी कर्तबगार. दोघींनीही कारभार केला, आणि दोघींची गादी एका लहान मुलाच्या नावावर होती. बाईने सांभाळायचं आणि मालकी दुसऱ्याची, ही रीत आपल्याला ओळखीची वाटते ना? घरोघरी हेच चालतं.

ज्यांनी नावासाठी भांडण केलं

काही जणींनी मात्र नावही मागितलं. रझिया सुलतान १२३६ मध्ये दिल्लीच्या तख्तावर आली. तिने तख्त कुणासाठी सांभाळलं नाही. तिने आपल्या नावाची नाणी पाडली आणि ती उघडपणे दरबारात बसली. तुर्की सरदारांना ते सोसलं नाही. चार वर्षांत, १२४० मध्ये, तिचं राज्य संपलं. तिच्या काळचा इतिहासकार मिनहाज याने राजाला लागणारे सगळे गुण तिच्यात होते असं नोंदवलं आणि ती पुरुष नव्हती एवढीच उणीव दाखवली. आठशे वर्षं होत आली, ही 'उणीव' अजून काही लोकांना दिसते.

यापेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो भोपाळचा अनुभव. बल्लारशाहून दिल्लीला जाणारी गाडी भोपाळवरूनच जाते, तेव्हा पुढच्या वेळी खिडकीतून बघताना हे आठवा. १८१९ ते १९२६, शंभराहून अधिक वर्षं, चार पिढ्या या संस्थानाचा कारभार मुस्लिम स्त्रियांच्या हातात होता. कुदसिया बेगम, सिकंदर बेगम, शाहजहाँ बेगम, सुलतान जहाँ बेगम. पहिल्या कुदसिया बेगमने सुरुवात केली ती आपल्या लहान मुलीच्या वतीने. दुसरी सिकंदर बेगमसुद्धा आधी मुलीच्या वतीनेच कारभार पाहत होती. पण तिने इंग्रजांपुढे धरून ठेवलं की मी राज्य चालवते, तर मला राज्यकर्ती म्हणा. १८६० मध्ये तिला तो हक्क मिळाला. म्हणजे कारभारापासून नावापर्यंतचं अंतर भोपाळच्या बायकांनी चाळीस वर्षांत कापलं. चौथी, सुलतान जहाँ बेगम, १९२० मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठाची पहिली कुलपती झाली. त्याच अलीगढला पहिली महिला कुलगुरू मिळायला २०२४ उजाडावं लागलं. नईमा खातून त्यांचं नाव. इतिहास आपोआप पुढे जात नाही, हे यावरून ध्यानात ठेवा.

पण या सगळ्या राजघराण्यातल्या बायका होत्या. जन्माने जिन्याच्या वरच्या पायरीवर. तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी जिना सुरू होतो तो २६ जानेवारी १९५० ला, आणि त्या जिन्याने वर गेलेली पहिली बाई म्हणून प्रतिभाताईंकडे बघायचं.

पंचेचाळीस वर्षांचा जिना

प्रतिभाताईंचा जन्म १९ डिसेंबर १९३४ चा, जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावचा. जळगावच्या एम. जे. कॉलेजात शिकल्या, टेबल टेनिस खेळल्या, एम. ए. केलं, मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजातून कायद्याची पदवी घेतली आणि जळगावच्या कोर्टात वकिली सुरू केली. १९६२ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, जळगावमधून विधानसभेवर निवडून आल्या. इथे बसलेल्यांपैकी कित्येकांचं वय आज तेवढंच आहे.

त्यानंतर १९६७ ते १९८५ त्या एदलाबाद मतदारसंघातून निवडून येत राहिल्या. आज आपण त्याला मुक्ताईनगर म्हणतो. आधी उपमंत्री, मग मंत्री. आरोग्य, दारूबंदी, समाजकल्याण, पुनर्वसन, शिक्षण, गृहनिर्माण अशी खाती त्यांनी सांभाळली. ही खाती नीट ऐकलीत का? अर्थ नाही, गृह नाही. बाईला 'शोभेल' अशी खाती. पण माणसाचा रोजचा जगण्याचा त्रास याच खात्यांत येतो, हे गडचिरोलीच्या माणसाला सांगायला नको. १९७९ मध्ये पुलोदचं सरकार असताना त्या विधानसभेत विरोधी पक्षनेत्या झाल्या. १९८५ मध्ये राज्यसभेवर गेल्या आणि १९८६ ते १९८८ तिथे उपसभापती होत्या. मग महाराष्ट्र प्रदेश काँग्रेसच्या अध्यक्ष, १९९१ मध्ये अमरावतीच्या खासदार, २००४ मध्ये राजस्थानच्या राज्यपाल. तिथेही त्या पदावरची पहिली बाई. आणि २५ जुलै २००७ ला राष्ट्रपती.

१९६२ ते २००७. पंचेचाळीस वर्षं. त्या एकही निवडणूक हरल्या नाहीत.

आता टीकेची बाजूही सांगते, कारण आपली चळवळ आरत्या ओवाळायला निघालेली नाही. २००७ मध्ये काँग्रेसच्या मनात आधी दुसरी नावं होती. डाव्या पक्षांशी जमेना, तेव्हा प्रतिभाताईंचं नाव पुढे आलं. निष्ठा बघून निवड झाली असं तेव्हा म्हटलं गेलं, आणि त्यात तथ्य आहे. मग त्यांच्यात आणि दुसऱ्याच्या नावाने कारभार करणाऱ्या बाईत फरक काय राहिला? माझ्या मते फरक त्या पंचेचाळीस वर्षांचा. वरून नाव येतं तेव्हा ज्याच्याकडे स्वतःची पुंजी असते तो उभा राहतो. मतदारसंघ, विधिमंडळ, खाती, विरोधी बाकं, सगळं बघून झालेली बाई नुसती बाहुली नसते. भैरोसिंह शेखावत हे तीनदा मुख्यमंत्री झालेले, मुरलेले राजकारणी समोर होते. मतांचं मूल्य मोजलं तेव्हा प्रतिभाताईंना ६,३८,११६ आणि शेखावतांना ३,३१,३०६ मिळाली. शिवसेना तेव्हा भाजपबरोबर होती, तरीही तिने मराठी माणूस म्हणून प्रतिभाताईंना मतं दिली.

एक गंमतही झाली. बाई राष्ट्रपती होणार म्हटल्यावर तिला म्हणायचं काय, यावर वाद रंगला. 'पती' हा शब्द कसा चालेल? शेवटी शब्द तोच राहिला. पद स्त्री किंवा पुरुष नसतं, पद संविधानाचं असतं. हे ध्यानात ठेवा, कारण 'पती' या शब्दाकडे मी पुन्हा येणार आहे.

सहीची ताकद

राष्ट्रपती म्हणजे रबरी शिक्का, असं आपण सहज म्हणतो. राष्ट्रप्रमुख राष्ट्रपती असतात आणि सरकार पंतप्रधान चालवतात, हे खरं. मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच त्यांना वागावं लागतं. तरीही सहीला वजन असतं. तीन गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट राजस्थानची. २००६ मध्ये तिथल्या विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केलं. नाव होतं धर्मस्वातंत्र्याचं. राज्यपाल प्रतिभाताईंनी त्यावर सही केली नाही, ते परत पाठवलं. धर्मस्वातंत्र्याच्या मूलभूत हक्कावर त्याचा परिणाम होतो, हे कारण. तेव्हा मुख्यमंत्रीही बाईच होत्या, वसुंधराराजे. म्हणजे बाई म्हणून सगळ्या एकाच बाजूच्या, असं नसतं. बाई कुठे उभी राहते, ते बघावं लागतं.

दुसरी गोष्ट फाशीची. राष्ट्रपती असताना त्यांनी तिसाहून अधिक जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. त्यांत भयंकर गुन्ह्यांतले आरोपीही होते, म्हणून टीका झाली. सरकारच्या सल्ल्याने झालं हे खरं, पण दयेच्या अर्जांवर बसून राहण्याची सोपी वाट त्यांनी धरली नाही.

तिसरी गोष्ट आपल्याला बोचणारी. १७ जून २००७ ला, उमेदवारी जाहीर झाल्यानंतर काही दिवसांतच, उदयपूरच्या कार्यक्रमात त्या म्हणाल्या की मुघल आक्रमकांपासून वाचण्यासाठी बायकांत पडदा आला आणि आता तो सोडायला हवा. इतिहासकारांनी चूक दाखवली, मुस्लिम संघटनांनी निषेध केला. मी काय म्हणते? इतिहास चुकीचा होता. घुंगट मुघलांच्या आधीपासून होता. आणि मुघलांविरुद्ध किल्ला लढवणारी चांदबीबी मुसलमानच होती, हे त्या वाक्यात कुठेच बसत नाही. एका समाजाच्या माथी सगळ्या रूढींचं पाप मारलं की दुसऱ्यांना स्वतःच्या घराकडे बघावं लागत नाही. पण वाक्याचा दुसरा अर्धा भाग, बाईने आडोशातून बाहेर यावं हा, मी सोडायला तयार नाही. निषेध करणाऱ्यांतल्या किती जणांना पहिला भाग खुपला आणि किती जणांना दुसरा, हा प्रश्न आपण आपल्यातच विचारला पाहिजे.

त्यांच्या परदेश दौऱ्यांच्या खर्चावर टीका झाली. निवृत्तीनंतरच्या पुण्यातल्या घराच्या जागेवरून वाद झाला आणि त्यांनी ती जागा सोडली. २५ नोव्हेंबर २००९ ला, पंचाहत्तरीला महिना राहिला असताना, त्यांनी पुण्याहून सुखोई विमानातून भरारी घेतली. हे सगळं एकाच माणसाचं आहे. आपल्याला देवी नको आणि राक्षसीणही नको. पदावरच्या माणसाचा हिशेब मांडता आला की झालं.

गडचिरोलीला राष्ट्रपती कुठे भेटतात?

गडचिरोलीतून आलेल्यांना वाटेल, दिल्लीच्या सहीचा आमच्या जंगलाशी काय संबंध? संबंध आहे. संविधानाची पाचवी अनुसूची काढून बघा. कोणता भाग अनुसूचित क्षेत्र, हे राष्ट्रपती जाहीर करतात. महाराष्ट्राचा तसा आदेश १९८५ चा आहे आणि त्यात गडचिरोली जिल्ह्याचा मोठा भाग येतो. या क्षेत्रांच्या कारभाराचा अहवाल राज्यपालांनी राष्ट्रपतींना द्यायचा असतो. पेसा कायदा इथे लागू होतो तो याच आधारावर. म्हणजे एटापल्ली-भामरागडच्या ग्रामसभेच्या हक्काचा एक धागा थेट राष्ट्रपती भवनात पोचतो.

आज त्या पदावर द्रौपदी मुर्मू आहेत, दुसऱ्या महिला राष्ट्रपती आणि पहिल्या आदिवासी. त्यांचा जिना आणखी खालून सुरू झाला. १९९७ मध्ये ओडिशातल्या रायरंगपूरच्या नगर पंचायतीत त्या नगरसेवक झाल्या. मग आमदार, मंत्री, झारखंडच्या राज्यपाल. तिथे २०१७ मध्ये आदिवासींच्या जमिनीचं संरक्षण करणाऱ्या छोटानागपूर आणि संथाळ परगणा कायद्यांतल्या दुरुस्त्या त्यांनी सरकारकडे परत पाठवल्या. सरकार त्यांच्याच पक्षाचं होतं. प्रतिभाताईंनी विरोधी पक्षाच्या सरकारचं विधेयक परत केलं होतं, मुर्मूंनी आपल्या पक्षाच्या सरकारचं. माझ्या मते दुसरी गोष्ट जास्त अवघड. जुलै २०२३ मध्ये गोंडवाना विद्यापीठाच्या दीक्षान्त समारंभाला त्या गडचिरोलीत येऊन गेल्या. तिथे पदवी घेणाऱ्या आदिवासी मुलींनी स्टेजवर कुणाला पाहिलं, याचा विचार करा.

आणि आपण?

आता आपल्या घरात येऊ. प्रतिभाताई १९८८ मध्ये राज्यसभेच्या उपसभापतिपदावरून उतरल्या. त्यांच्यानंतर त्या खुर्चीवर कोण बसलं? नजमा हेपतुल्ला. महाराष्ट्रातूनच राज्यसभेवर गेलेल्या, मुस्लिम. त्या १९८८ ते २००४, सोळा वर्षं, त्या खुर्चीवर राहिल्या. आधीही एक वर्ष होत्या. १९९९ मध्ये जगभरच्या संसदांच्या संघटनेच्या, म्हणजे आंतरसंसदीय संघाच्या, त्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. २००७ मध्ये जुलैत प्रतिभाताई राष्ट्रपती झाल्या आणि ऑगस्टमध्ये नजमाबाई उपराष्ट्रपतिपदाची निवडणूक हमीद अन्सारींकडून हरल्या. त्यांचं पक्ष बदलणं मला पटलेलं नाही. पण तुमच्यापैकी किती जणांनी हे नाव आज पहिल्यांदा ऐकलं? सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश फातिमा बीवी, १९८९. पुढे त्या तामिळनाडूच्या राज्यपाल झाल्या. हे नाव तरी आपल्या घरांत मुलींना कुणी सांगतं का?

म्हणजे आपल्यात बायका नव्हत्या असं नाही. मग अडतं कुठे? एक अडसर धर्माच्या नावाने घातला जातो. ज्यांनी बाईच्या हाती कारभार दिला त्यांचं भलं होत नाही, या अर्थाची एक हदीस लगेच समोर ठेवली जाते. ती अबू बकरा यांच्याकडून आलेली. इराणच्या गादीवर किस्राची मुलगी बसल्याची बातमी आली, त्या प्रसंगी म्हटलेली. आणि अबू बकरांनी ती सांगितली ती हजरत आयेशांनी नेतृत्व केलेल्या जमलच्या लढाईच्या संदर्भात. मोरोक्कोच्या अभ्यासक फातिमा मेर्निसी यांनी तिच्या प्रसंगाची आणि सांगणाऱ्याची कसून तपासणी केली आहे. दुसरीकडे कुरआनच्या सूरह नम्लमध्ये सबाची राणी आहे. ती सरदारांचा सल्ला घेते, युद्धाने गावं उद्ध्वस्त होतात हे ओळखते आणि शहाणपणाने निर्णय करते. बाई म्हणून तिच्या राज्य करण्याला तिथे नावं ठेवलेली नाहीत. व्यवहारात बघायचं तर पाकिस्तानात १९६५ च्या निवडणुकीत फातिमा जिना राष्ट्राध्यक्षपदाला उभ्या राहिल्या तेव्हा जमाते-इस्लामीनेही त्यांना पाठिंबा दिला. बेनझीर १९८८ ला, खालिदा झिया १९९१ ला पंतप्रधान झाल्या. जगात सर्वांत जास्त मुसलमान असलेल्या देशांतल्या इंडोनेशियात २००१ मध्ये मेगावती राष्ट्राध्यक्ष झाल्या. उम्मत बुडाली नाही.

खरा अडसर आहे तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत २०११ पासून निम्म्या जागा महिलांच्या आहेत. चंद्रपूरच्या महापौरपदावर संगीता अमृतकर, राखी कंचर्लावार, अंजली घोटेकर बसल्या. चंद्रपूरच्या खासदार २०२४ पासून प्रतिभा धानोरकर आहेत. आपल्या मोहल्ल्यात जागा महिलेसाठी राखीव झाली की काय होतं? घरातले चार पुरुष बसतात आणि कुणाच्या बायकोचा फॉर्म भरायचा ते ठरवतात. पोस्टरवर तिचा फोटो छोटा, साहेबांचा मोठा. निवडून आल्यावर खुर्चीवर साहेब, सहीला ती. गावात यालाच 'सरपंच पती' म्हणतात. राष्ट्रपती शब्दातल्या 'पती'वर देशभर वाद झाला. सरपंचाच्या मागच्या या पतीवर मात्र कुणी बोलत नाही. हा प्रकार सगळ्याच समाजांत आहे, आपणच तेवढे वाईट नाही. पण आपलं उत्तर आपण द्यायचं.

हिराईला राज्य सांभाळायला मिळालं ते दुसऱ्याच्या नावावर. आज तीनशे वर्षांनी उलटं झालंय. नाव बाईचं आहे आणि राज्य दुसऱ्याचं.

पहिली पायरी

म्हणून माझ्या मागण्या लहान आहेत. उद्यापासून करता येतील अशा.

ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, हे आपल्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. ती होते का, ते बघा. होत नसेल तर मुलींनी मिळून अर्ज द्या. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असल्या पाहिजेत, हे शिक्षण हक्क कायदा सांगतो. तिथे अम्मीला पाठवा आणि सहीपुरतं पाठवू नका. इतिवृत्त वाचून सही करायला सांगा. वक्फ मंडळावर किमान दोन महिला असाव्यात, हे २०१३ च्या दुरुस्तीपासून कायद्यात आहे. राज्याच्या मंडळावर बाई चालते, मग आपल्या मोहल्ल्याच्या जमातीत, मशिदीच्या ट्रस्टवर का चालत नाही? जमातीच्या बैठकीत बाईच्या तलाकाचा, पोटगीचा, मुलांच्या ताब्याचा निर्णय होतो आणि खोलीत एकही बाई नसते. हा प्रश्न मुलग्यांनी विचारला पाहिजे. बहिणीने विचारला तर तिला उद्धट म्हणतील, तुम्ही विचारला तर उत्तर द्यावं लागेल.

आणि मुलींनो, तुम्हाला एक वेगळं सांगते. १८ एप्रिल १९६६ ला मुंबईत सात मुस्लिम बायका हमीद दलवाईंबरोबर विधान भवनावर चालून गेल्या. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही मागणी. त्या विधानसभेत तेव्हा प्रतिभाताई आमदार होत्या. आत एकतीस वर्षांची आमदार, बाहेर रस्त्यावर सात जणी. आतलीचा प्रवास राष्ट्रपती भवनापर्यंत गेला. बाहेरच्या सात जणींच्या नावे कोणतंच पद नाही. पण तोंडी तलाकाचा प्रश्न २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला, तेव्हा त्या वाटेवरची पहिली पावलं त्यांची होती. आतल्या बायकाही लागतात आणि रस्त्यावरच्याही. आतली एकटी पडली की पक्षाची होते. रस्त्यावरची एकटी पडली की थकते.

तेव्हा कुणी तुम्हाला विचारलं की मुस्लिम मुलगी राष्ट्रपती होईल का, तर वाद घालत बसू नका. पंचेचाळीस वर्षं लागतात, हे उत्तर द्या आणि या वर्षी कुठल्या समितीत, कुठल्या सभेत, कुठल्या मतदार यादीत आपलं नाव आहे ते तपासा. नाव असेल तर खुर्चीवर स्वतः बसा. सही स्वतः वाचून करा. ज्या दिवशी पठाणपुऱ्यातली एखादी नगरसेविका नवऱ्याला म्हणेल, 'तुम्ही बाहेर थांबा, सभा माझी आहे,' त्या दिवशी हिराईचं अर्धं राहिलेलं काम पूर्ण व्हायला लागेल.

जय सेवा, जय संविधान.